धास्ती वेगळी, थकवा वेगळा

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून)

"मी 43 वर्षांचा. नाशिकला अंबड एमआयडीसीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनच्या शॉपमध्ये सुपरवायझर आहे. एप्रिल 2021 मध्ये कोरोनामुळे आयसीयूत होतो, बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनवर. शेजारच्या बेडवरचे काका माझ्या डोळ्यांसमोर गेले. त्याच दिवसांत शहरात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून माणसं गेल्याची बातमी वॉर्डात पसरली. मी रात्रभर माझ्या मास्कमधल्या हवेचा आवाज ऐकत जागा होतो. घरी आलो, पण आजार काही गेला नाही. रविवारी माळा आवरला की मंगळवारी उठता येत नाही. उभं राहिलं की छाती धडधडते. ड्रॉइंग दोनदा वाचावं लागतं. जॉब साफ करायला कोणी हवेचा झोत सोडणारी एअर गन मारली की त्या आवाजाने हातपाय गार पडतात. त्या हॉस्पिटलचा रस्ता टाळून वळसा घालतो. रात्री तीनला दचकून उठतो. रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका, असं दोन डॉक्टरांनी सांगितलं. मेव्हण्याने रोज गोल्फ क्लबच्या मैदानावर चालायचे राउंड मारायला लावले, तर आठवड्याभरात अंथरुणाला खिळलो. आता एका मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडी आहे म्हणून सांगितलंय. मी ते कबूल केलं तर सगळे म्हणणार, बघ, शेवटी मनाचंच निघालं! शेजारचे रिटायर्ड हवालदार म्हणतात की हा फौजेतल्या लोकांचा आजार. मला नक्की काय झालंय? उपचार घेऊ की नको?

ता. क. बायको खमकी आहे म्हणून मी जगलो. पण अजून अ‍ॅम्ब्युलन्स गेली की ती हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहते.

— प. द., सिडको"

प. द. दादा,

आधी सरळ उत्तर देते, मग सविस्तर बोलू. पीटीएसडीचा, म्हणजे जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर मनात रुतून बसणाऱ्या धक्क्याच्या आजाराचा, उपचार घ्या. पण तो घेतला म्हणून 'माझा थकवा खरा आहे' हे म्हणणं सोडू नका. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे निदानाचा शिक्का मारायचा अधिकार माझा नाही. पण पत्र वाचताना एका माणसाला झालेले दोन आजार दिसतात. तुमच्या शॉपच्या भाषेत सांगायचं तर मशीनचा सेन्सर बिघडला की काही झालेलं नसतानाही अलार्म वाजतो. त्याच मशीनला सप्लायही कमी येत असेल तर जरा लोड दिला की ते बसतं. सेन्सर दुरुस्त केल्याने सप्लाय वाढणार नाही. आणि सप्लाय कमी आहे म्हणून सेन्सर तसाच ठेवा, असंही कुठला मेंटेनन्सवाला म्हणणार नाही.

तुमची भीती मला पूर्ण कळते. रिपोर्ट नॉर्मल आले की आपल्याकडे दोनच निकाल लागतात, एक तर माणूस नाटकी नाहीतर टेन्शनवाला. अशा वेळी कोणी मनाच्या आजाराचं नाव घेतलं की आपल्या सगळ्या त्रासावर पाणी फिरलं असं वाटणारच. पण त्या मानसोपचारतज्ज्ञांनी तुम्हाला 'मनाचे खेळ आहेत' म्हटलेलं नाही. त्यांनी एका ठरावीक आजाराचं नाव घेतलंय. त्याला निकष आहेत आणि चांगले उपचारही आहेत. 'टेन्शन घेऊ नका' हा मात्र ना आजार आहे ना उपचार.

आता हवालदार काकांचं. त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. पीटीएसडी हे नाव अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या यादीत 1980 साली आलं, आणि ते आणण्यात व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या हालांचा मोठा वाटा होता. पण तेव्हाही ते फक्त फौजेपुरतं नव्हतं. अपघात, भूकंप, बलात्कार, आग, असं जिवावर बेतणारं काहीही ज्याच्यावर गुदरलं त्याला ते होऊ शकतं. देवळालीच्या तोफखान्यातला जवान असो की अंबडचा सुपरवायझर, मेंदूची धोक्याची घंटा सारखीच असते.

जिवावर बेतणं म्हणजे काय, याबाबत डॉक्टर जरा काटेकोर असतात, आणि असायला हवं. नुसता लांबलेला आजार, किंवा डॉक्टरांनी विश्वास न ठेवल्याचा मनस्ताप, हे कितीही जाचक असलं तरी तेवढ्यावर पीटीएसडीचं निदान करत नाहीत. घरात बसून टीव्हीवर बातमी बघणाऱ्याचंही करत नाहीत. तुमचं तसं नव्हतं. तुम्ही स्वतः श्वासासाठी झगडत होता आणि हातभर अंतरावर एक माणूस गेला. वर 21 एप्रिलला आपल्याच शहरात, महापालिकेच्या रुग्णालयात, टाकीला गळती लागून पुरवठा कमी पडला आणि वीसहून जास्त रुग्ण दगावले. नाशिकमध्ये त्या रात्री ऑक्सिजनवर असलेल्या माणसाला ती बातमी बातमीसारखी ऐकू आली नसणार.

निदान करताना साधारण चार गोष्टी बघतात, आणि त्या महिन्याहून जास्त टिकलेल्या असाव्या लागतात. पहिली, तो प्रसंग नको असताना पुन्हा पुन्हा अंगावर येणं. रात्रीचे तीन आणि एअर गन ही तुमची उदाहरणं. दुसरी, आठवण करून देणाऱ्या जागा टाळणं, म्हणजे तुमचा तो वळसा. तिसरी, सतत सावध असणं, दचकणं, झोप न लागणं. चौथ्या गोष्टीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. जगाबद्दल आणि स्वतःबद्दलची भावना काळवंडून जाते, माणसं परकी वाटायला लागतात, 'ते काका गेले, मी का राहिलो' हा सल आत राहतो. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा. आणखी एक विचारते. आयसीयूत असताना काही भलतंच दिसलं होतं का? कोणी मारायला येतंय, बांधून ठेवलंय, गेलेली माणसं पायथ्याशी उभी आहेत, असं काही? ऑक्सिजन कमी, ताप, औषधं, झोप नाही, यांनी अनेकांना असा भ्रम होतो. आणि या खोट्या आठवणीच पुढे जास्त छळतात, कारण त्या कोणाला सांगायची सोय नसते. वेड लागलं म्हणतील या भीतीने लोक वर्षानुवर्षं त्या गिळून बसतात. तुमच्या त्या डॉक्टरांसाठी ही रोजची गोष्ट आहे, मोकळेपणाने सांगा.

हा झाला सेन्सर, म्हणजे धास्ती. आता सप्लाय, म्हणजे थकवा.

रविवारी माळा आवरला आणि मंगळवारी उठता आलं नाही, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, आणि माझ्या मते त्या दोन डॉक्टरांनी ते एक तर ऐकलं नाही किंवा तुम्ही त्यांना सांगितलं नाही. विषाणूच्या आजारानंतर रेंगाळणाऱ्या दुखण्यात ही खूण फार बोलकी असते. श्रम केल्यावर लगेच नाही, तर बऱ्याचदा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी माणूस कोसळतो. अंग ठणकतं, घसा धरल्यासारखा होतो, डोकं जड पडतं, आणि हे कधी कधी आठवडाभर चालतं. श्रम शरीराचेच हवेत असंही नाही, दोन तासांच्या ऑडिट मीटिंगनेही तेच होतं. कोरोनानंतर तीन महिन्यांनीही असलेल्या, किमान दोन महिने टिकणाऱ्या आणि दुसऱ्या कशानेही उलगडा न होणाऱ्या अशा त्रासाची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2021 मध्येच केली आहे. थकवा, धाप आणि डोकं न चालणं ही त्यातली ठळक लक्षणं. हे का होतं याबद्दल शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. शरीरात उरलेले विषाणूचे अंश, बिथरलेली प्रतिकारशक्ती, हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचा गोंधळ, अशा बऱ्याच दिशांनी शोध चालू आहे. पण कारण पुरतं कळलेलं नाही म्हणून आजार नाही असं होत नाही.

म्हणून गोल्फ क्लबवरचे राउंड तुम्हाला बाधले. मेव्हण्याचा हेतू चांगला होता, आणि खूप दुखण्यांत चालणं हाच उपाय असतो, त्यामुळे त्याच्यावर रागवू नका. पण श्रमांनंतर कोसळणाऱ्या माणसाला 'रोज थोडं वाढवत जा' हे सांगणं घातक ठरू शकतं. याच लक्षणाच्या जुनाट थकव्याच्या आजारासाठी ब्रिटनमधल्या 'नाइस' या सरकारी संस्थेने 2021 मध्ये मार्गदर्शक सूचना बदलल्या, तेव्हा ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये असं स्पष्ट लिहिलं. त्याऐवजी अंगातली ताकद बघून ती पुरवून वापरायची. ताकद संपायच्या आधी थांबायचं, संपल्यावर नाही.

आता खरी मेख इथे आहे, आणि दोन्ही आजार असलेल्या माणसाची इथेच फरफट होते. पीटीएसडीचा डॉक्टर सांगतो, टाळू नका, सामोरे जा. थकव्याचा डॉक्टर सांगतो, झेपेल तेवढंच करा, बाकी टाळा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण ज्याला एकच आजार माहीत आहे असा समुपदेशक तुमच्या विश्रांतीला पळपुटेपणा समजू शकतो. उलट, खरं सांगायचं तर, तुम्ही स्वतःही एखाद्या दिवशी भीतीला थकव्याचं नाव देऊन घरी बसाल. तेव्हा हे दोन वेगळे ओळखायला शिकणं भाग आहे.

भीती आधी येते. त्या रस्त्याच्या वळणावर, एअर गन वाजायच्या क्षणी, किंवा नुसता विचार आला तरी. गोष्ट पार पडली की ती ओसरते, आणि तीच गोष्ट बेताबेताने पुन्हा पुन्हा केली तर दर वेळी थोडी कमी होत जाते. थकवा नंतर येतो, एक-दोन दिवसांनी, आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा केली तर वाढत जातो. भीतीत अंग धड असतं पण मन 'नको' म्हणतं. थकव्यात मन 'चल' म्हणतं आणि अंग साथ देत नाही. म्हणजे हॉस्पिटलच्या रस्त्याला घातलेला वळसा हे टाळणं झालं, त्यावर काम करायचं. माळा एका दिवसात न आवरणं हे शहाणपण झालं, त्याबद्दल कोणाची माफी मागायची नाही. एक साधी वही ठेवा. काय केलं, तेव्हा कसं वाटलं, आणि दोन दिवसांनी कसं वाटलं, एवढं तीन-चार आठवडे लिहा. लॉगबुक भरायची सवय तुम्हाला आहेच. ही वही दोन्ही डॉक्टरांना दाखवा, निम्मा वाद तिथेच मिटेल.

छातीच्या धडधडीचंही असंच. पडून असताना, झोपेतून उठताना किंवा काही ऐकल्यावर धडधड झाली तर ती बहुधा धास्तीची. पण मनात काही नसताना, नुसतं उभं राहिल्यावर वाढली आणि आडवं झालं की उतरली, तर तिचा संबंध उभं राहण्याशी आहे. कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये असेलच, तो नाडीही दाखवतो. दहा मिनिटं पडून राहा, आकडा लिहा, मग भिंतीजवळ दहा मिनिटं उभे राहा आणि मधूनमधून आकडे लिहा. घरात कोणी सोबत असेल तरच करा, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच आडवे व्हा. रक्तदाब न पडता नाडी तीस किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच वर राहत असेल तर ते आकडे घेऊन फिजिशियनकडे किंवा हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. या त्रासाला 'पॉट्स' म्हणतात. तो सर्रास घाबरण्याचा झटका समजला जातो, आणि साध्या ईसीजीत बऱ्याचदा काही दिसत नाही. त्यावर उपाय आहेत: पाणी वाढवणं, पायाला घट्ट मोजे, गरज पडली तर औषध. मीठ वाढवायचंही सांगतात, पण रक्तदाब बघून डॉक्टरांनी सांगितलं तरच.

फिजिशियनकडे जालच, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-बारा हे सगळं अलीकडे झालंय का बघून घ्या. आयसीयूतून आलेल्या माणसाची फुप्फुसं एकदा नीट तपासायला हवीत, त्यात सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन बघण्याची चाचणीही असते. तिच्या आधी तुमच्या कोसळण्याबद्दल सांगा. बायकोला विचारा, तुम्ही जोरात घोरता का आणि मध्येच श्वास थांबतो का. रात्री तीनला दचकण्याचं तेही एक कारण असू शकतं. नॉर्मल रिपोर्टांचा गठ्ठा घेऊन जाऊ नका. एका कागदावर पाच-सहा ओळी लिहून न्या, आणि पहिली ओळ रविवार-मंगळवारची असू द्या.

पीटीएसडीच्या उपचाराबद्दल. मुख्य उपचार बोलण्याचा आहे. त्या प्रसंगाच्या आठवणीवर सुरक्षितपणे काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी), किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आठवण हाताळायची पद्धत). नुसत्या 'मन मोकळं करा' गप्पांनी हे भागत नाही, तेव्हा या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलंय का, हे थेरपिस्टला थेट विचारा, त्यात उद्धटपणा नाही. साधारण आठ-बारा बैठकांचा बेत असतो. तुमच्यासाठी त्यात बदल करून घ्यावे लागतील आणि ते तुम्हालाच मागावे लागतील: अर्ध्या तासाची बैठक, शक्य तर घरून ऑनलाइन, हवं तर आडवं पडून, आणि दुसऱ्या दिवशी ओव्हरटाइम नको. बैठकही श्रमच असते, ती वहीत लिहा. बैठकीनंतर संध्याकाळभर रडू आलं, जुनं ढवळून निघालं, तर ते चालायचंच. पण दोन दिवसांनी अंग ठणकून पडलात, तर मात्रा जास्त झाली. उपचार बंद करायचा नाही, बैठक लहान करायची.

एअर गनवरही असंच काम होईल. सामोरं जायचं, पण बसून, लांबून, आणि ज्या दिवशी अंगात ताकद शिल्लक आहे अशा दिवशी. तोवर आवाज कमी करणारं नोझल बसवून मिळतं का बघा, तुमच्या ऑपरेटरांच्या कानांनाही बरं.

औषधांमध्ये सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन यांसारखी औषधं वापरली जातात. परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात आणि मनाने बंद करायची नसतात. तुमची धडधड डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण काही औषधांनी नाडी वाढते. कमी डोसने सुरुवात करायची विनंती करा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या मात्र मेडिकलमधून ओळखीवर आणून रोज घेऊ नका. पीटीएसडीवर त्यांचा उपयोग होत नाही आणि सवय लागते. आधीपासून रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. झोपेसाठी रात्री 'थोडीशी' घेत असाल तर त्याचंही खरं सांगा.

खर्चाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण सुपरवायझरचा पगार मला ठाऊक आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आरोग्य विमा असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यावं लागतं. त्याच कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, कंपनीला निदान सांगायची गरज नाही. कंपनीला एवढंच सांगा की कोरोनानंतरचा त्रास आहे, नाइट शिफ्ट बंद हवी आणि मशीनपाशी बसायला स्टूल हवं. डॉक्टरांचं पत्र जोडा. फॅक्टरीत बसून सुपरवायझरी करणं कमीपणाचं मानतात, ते मला माहीत आहे, पण कमीपणा परवडतो, मंगळवार परवडत नाही.

लोक 'मनाचंच निघालं' म्हणाले तर काय सांगायचं? मेव्हण्याला सांगा: आयसीयूच्या धक्क्याचा एक आजार आहे, त्याचे उपचार चालू आहेत, आणि विषाणूने मागे ठेवलेला दुसरा आहे, त्यासाठी ताकद पुरवून वापरायची आहे. तो आणखी वाद घालू लागला तर वाद घालण्यातही ताकद जाते हे लक्षात ठेवा. सगळ्यांना पटवणं हा तुमच्या उपचाराचा भाग नाही. पीटीएसडी बरा झाल्यावर थकवा पूर्ण जाईल असं वचन मी देणार नाही. पण झोप सुधारली, रात्री तीनची धडकी गेली, की शरीरावरचा एक मोठा भार उतरतो, आणि तेवढं मिळवण्यासारखं आहे.

राहिला तुमचा ताजा कलम, आणि खरं तर पत्रातली तीच ओळ मला जास्त टोचली. तुम्ही आत असताना वहिनी कुठे होत्या? बहुतेक हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर, रेमडेसिविरसाठी मेडिकलच्या रांगेत, फोन वाजला की काळजात धस्स होत. आयसीयूतल्या रुग्णाच्या घरच्यांनाही हाच आजार होतो. त्यांच्याकडे कोणी बघत नाही, कारण त्या खमक्या असतात. त्या दारात येऊन उभ्या राहतात ते कौतुकाने सांगू नका, त्यांना विचारा: झोप लागते का, काय आठवतं, तेव्हाचं कोणाशी कधी बोललीस का. तुमच्या पुढच्या अपॉइंटमेंटला त्यांनाही घेऊन जा आणि दहा मिनिटं त्यांच्यासाठी मागून घ्या. नाही म्हणाल्या तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये भरून द्या. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो तुमच्याही मोबाइलमध्ये असू द्या. कधी जगणं नकोसं वाटलं तर रात्री तीनलाही लावा.